एक तारीख, अनेक घटना
(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिपाठातील दिनविशेषाला जोडून घ्यावयाचा इतिहासाचा पाठ)

प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार यांच्या पाठोपाठ दिनविशेष सांगण्याची प्रथा आपल्या बहुतेक शाळांच्या परिपाठात रुळलेली आहे. एक विद्यार्थी पुढे येतो, फलकावरील चार-पाच ओळी मोठ्याने वाचतो, रांगेतील मुले शांतपणे ऐकतात व वर्गात जातात. उपक्रम चांगला आहे आणि त्यामागील हेतूही चांगला आहे. परंतु पहिल्याच तासाला त्याच मुलांना "आज काय सांगितले?" असे विचारून पाहावे. एखादे नाव आठवते, साल आठवत नाही; आणि ती घटना त्याच दिवशी का घडली, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही आलेला नसतो. नैवेद्य दाखवावा आणि ताट उचलून ठेवावे, तसे काहीसे दिनविशेषाचे झाले आहे. तो दाखविला जातो. मुलांच्या मुखी लागत नाही.

यात शिक्षकांचा दोष आहे असे मुळीच नाही. दिनविशेषाच्या याद्या तयार मिळतात, वेळ दोन मिनिटांचा असतो आणि यादीत एका घटनेचा दुसरीशी संबंध दाखविलेला नसतो. म्हणून रोजच्या दिनविशेषाला हात न लावता, वर्षातून निदान एका तारखेचा पूर्ण पाठ घ्यावा अशी ही सूचना आहे. त्यासाठी १५ ऑगस्ट ही तारीख घेतली आहे. ती प्रत्येक मुलाला पाठ असते आणि म्हणूनच तिच्याविषयी कोणी काही विचारीत नाही.

१. पाठाचा हेतु

एकाच तारखेला निरनिराळ्या सालांत अनेक घटना घडलेल्या असतात. त्यांतील काही केवळ योगायोगाने एकत्र येतात. काहींची तारीख मात्र कोणी तरी विचारपूर्वक निवडलेली असते, आणि त्या निवडीच्या मागे आणखी एक घटना उभी असते. हा भेद मुलांना स्वतः ओळखता यावा हा या पाठाचा मुख्य हेतु होय. त्यासाठी प्रत्येक घटनेला तीन प्रश्न विचारावयाचे :

(१) काय घडले?
(२) ही तारीख कोणी ठरविली, की ती आपोआप आली?
(३) ती घटना आपल्या गावापर्यंत केव्हा पोहोचली?

पहिला प्रश्न माहितीचा आहे, दुसरा विचाराचा आहे. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड व सर्वांत मोलाचा आहे. कारण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नसते.

२. पूर्वतयारी

भिंतीवरील जगाचा व महाराष्ट्राचा नकाशा, शाळेचे जुने जनरल रजिस्टर, एखादे जुने पोस्टकार्ड किंवा पाकीट आणि पंचांग एवढे साहित्य पुरे. पाठाच्या आदल्या दिवशी मुलांना एकच काम सांगावे : घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीची जन्मतारीख विचारून यावी आणि ती तारीख त्यांना कोणी सांगितली हेही विचारावे. पाठास दोन तासिका लागतील. घाई करू नये.

३. प्रारंभ : आपलेच रजिस्टर

मुलांनी आणलेल्या तारखा फळ्यावर लिहाव्यात. पुष्कळ गावांत असे आढळेल की आजोबा-आजींच्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख १ जून आहे. मग जुने जनरल रजिस्टर उघडून एखाद्या वर्षाच्या तारखा मोजाव्यात. (नावे वाचून दाखवू नयेत, केवळ तारखा मोजाव्यात.) तेथेही १ जूनची गर्दी दिसेल. आता मुलांना विचारावे, "त्या काळी आपल्या गावात एवढी मुले एकाच दिवशी जन्माला येत असत काय?"

मुले हसतील आणि विचार करू लागतील. उत्तर त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. घरी जन्माची नोंद नसे. आई-वडील "मोठ्या पावसाच्या साली" किंवा "धाकट्या काकाच्या लग्नाच्या आधी" एवढेच सांगत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई आणि दाखल करताना मुलाचे वय पुरे भरावे लागे. म्हणून गुरुजी अंदाजाने साल धरीत व तारीख १ जून लिहीत. ही तारीख निसर्गाने दिलेली नाही. ती गुरुजींच्या लेखणीने दिलेली आहे.

याच्या उलट उदाहरणही द्यावे. हल्लीच्या पटावरील तारखा दवाखान्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरून घेतलेल्या असतात. त्यांतही दोन मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो. वर्षाचे दिवस ३६५. तरी केवळ २३ व्यक्ती एकत्र असल्या की त्यांतील निदान दोघांचा वाढदिवस एकच असण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिक असतो, असे गणित सांगते. म्हणजे योगायोग हा चमत्कार नव्हे. तो वरचेवर घडणारच.

या दोन उदाहरणांनी पाठाचा पाया पडला. गर्दी १ जूनची असेल तर तिच्यामागे कोणाचा तरी हात आहे. दोन वाढदिवस जुळले तर तो योगायोग आहे. हीच दृष्टी घेऊन आता १५ ऑगस्टकडे जावयाचे.

४. ती तारीख कोठून आली?

"आपला देश १५ ऑगस्टलाच स्वतंत्र का झाला?" हा प्रश्न वर्गाला विचारावा. बहुधा शांतता पसरेल. मग पुढील हकिकत क्रमाने सांगावी.

ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी २० फेब्रुवारी १९४७ रोजी जाहीर केले की जून १९४८ पर्यंत हिंदुस्थानची सत्ता हिंदी लोकांच्या हाती देण्यात येईल. त्या वेळी १५ ऑगस्ट ही तारीख कोणाच्याही मनात नव्हती. मार्चमध्ये लॉर्ड माउंटबॅटन व्हाइसरॉय म्हणून आले. फाळणीची योजना ३ जून रोजी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या पत्रकार परिषदेत त्यांनी सत्तांतरासाठी १५ ऑगस्टच्या सुमाराची तारीख सांगितली. मूळ मुदत सुमारे दहा महिन्यांनी अलीकडे आली. १८ जुलै रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याला राजाची संमती मिळाली व तारीख कायम झाली.

ही तारीख का घेतली याचे कारण माउंटबॅटन यांनी पुढे स्वतःच सांगितले. दुसऱ्या महायुद्धात ते आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती होते. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली होती. त्या घटनेला दोन वर्षे पूर्ण होण्याचा दिवस त्यांनी निवडला.

येथे जगाच्या नकाशावर जपान दाखवावा. त्या दिवशी दुपारी बारा वाजता जपानच्या सम्राटाचे भाषण आकाशवाणीवरून झाले. सामान्य जपानी माणसाने आपल्या सम्राटाचा आवाज ऐकण्याची ती पहिलीच वेळ. शरणागतीच्या कागदावर सह्या मात्र २ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात एका अमेरिकन युद्धनौकेवर झाल्या. आता मुलांना एक कोडे घालावे : ही शरणागतीची बातमी अमेरिकेच्या अध्यक्षांनी वॉशिंग्टनमध्ये १४ ऑगस्टला संध्याकाळी सांगितली. मग खरी तारीख कोणती, १४ की १५? भूगोलातील रेखावृत्ते शिकलेली मुले उत्तर देतील. दोन्ही खऱ्या. तो क्षण एकच होता. त्या क्षणी जपानात १५ तारीख उजाडली होती आणि अमेरिकेत अजून १४ चालू होती. तारीख ही क्षणाची असते, तशी ती जागेचीही असते.

जपानच्या शरणागतीतून आणखी एका देशाचा १५ ऑगस्ट निघाला. कोरिया हा १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. १९४५ च्या १५ ऑगस्टला ती सत्ता संपली. तीन वर्षांनी, १५ ऑगस्ट १९४८ रोजी, दक्षिण कोरियात प्रजासत्ताकाची घोषणा झाली. त्यासाठी तोच दिवस मुद्दाम घेतला गेला. म्हणजे दिल्लीचा व सोलचा स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येतो याचे मूळ एकाच घटनेत आहे. हा योगायोग नव्हे. एका झाडाच्या दोन फांद्या आहेत.

फळ्यावर मोठी वर्तुळे काढावीत. मधल्या वर्तुळात "१५ ऑगस्ट १९४५ : जपानची शरणागती" असे लिहून त्यातून दोन बाण काढावेत. एक "१९४७, भारत" येथे व दुसरा "१९४८, कोरिया" येथे जाईल. कार्यकारणभाव हा शब्द न उच्चारताही तो मुलांना येथे डोळ्यांनी दिसेल.

५. मग २६ जानेवारीचे काय?

एखादा हुशार विद्यार्थी विचारील की तारीख परक्या सरदाराने ठरविली, तर आपली निवड कोठे राहिली? प्रश्न विचारला गेला नाही तर शिक्षकांनी तो उपस्थित करावा. काँग्रेसने डिसेंबर १९२९ मध्ये लाहोर येथे पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. त्यानंतर प्रतिवर्षी तो पाळण्याची रीत पडली. पुढे स्वातंत्र्य मिळाले ते दुसऱ्याच तारखेला. तेव्हा या जुन्या दिवसाचे स्मरण नाहीसे होऊ नये म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेले संविधान पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० हा दिवस निवडण्यात आला. पहिली तारीख सत्ता सोडणाऱ्याने निवडली. दुसरी, सत्ता हाती घेणाऱ्यांनी. आपण शाळेत वर्षातून दोनदा ध्वजवंदन करतो ते का, याचे उत्तर मुलांना येथे मिळते.

६. पंधरा ऑगस्टपासून निघालेल्या तारखा

एकदा एखादा दिवस लोकांच्या मनात मोठा झाला की पुढील कार्ये त्या दिवसाशी जोडली जातात. गुढीपाडव्याला नवी खरेदी करावी, तसेच हे. पुढील चार उदाहरणे घ्यावीत.

गोवा : १९४७ मध्ये ब्रिटिश गेले, परंतु गोव्यात पोर्तुगीज राहिले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढील वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या ठिकाणांहून गोव्याच्या हद्दीत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या व वीसहून अधिक सत्याग्रही मृत्युमुखी पडले. त्यांपैकी पंजाबचा तरुण कर्नैलसिंग बेनिपाल हा पत्रादेवी येथे पडला. तेथे आज हुतात्मा स्मारक आहे. बांद्याहून गोव्यात उतरणाऱ्या रस्त्यावर ते दिसते. या माणसांनी दुसरा कोणताही दिवस न घेता हाच दिवस का घेतला असेल, हे मुलांना बोलू द्यावे. शिक्षकांनी आपले उत्तर शेवटी सांगावे, किंवा सांगूही नये.

इस्रो : भारतीय अंतराळ संशोधन संस्थेची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ रोजी झाली.

पिन कोड : १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपालाचे सहा अंकी पिन कोड सुरू झाले. ही पद्धत केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केली. ते मराठी गृहस्थ संस्कृतचे कवी म्हणूनही प्रसिद्ध होते. एकाच नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिप्या असलेल्या देशात पत्र योग्य जागी जावे यासाठी अंकांचा उपाय योजण्यात आला. येथे जुने पाकीट वर्गात फिरवावे. आपल्या गावाचा पिन कोड ४ ने का सुरू होतो? पहिला अंक विभागाचा आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग चौथा. आपल्या नि शेजारच्या तालुक्याच्या पिन कोडमधील सारखे अंक कोणते व निराळे कोणते हे मुलांनी शोधावे. गणिताचाही पाठ होतो.

शालेय पोषण : १५ ऑगस्ट १९९५ रोजी प्राथमिक शाळांतील मुलांसाठी पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आरंभी हजेरी चांगली असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच देण्याची व्यवस्था देशभर हळूहळू रुळली. या योजनेच्या नोंदवह्यांचा भार शिक्षकांवर पडतो, हे खरे आहे. पण मुलांच्या दृष्टीने विचार करता, इतिहासाच्या पुस्तकात न छापलेला एक १५ ऑगस्ट त्यांच्या ताटात रोज दुपारी येतो. "तुमच्या आईवडिलांना शाळेत खिचडी मिळत होती काय? आजोबांना?" असा प्रश्न विचारला की तीन पिढ्यांचा इतिहास वर्गात उभा राहतो.

७. केवळ योगायोग

आता दुसऱ्या बाजूच्या घटना सांगाव्यात.

१५ ऑगस्ट १८५४ रोजी कलकत्त्याजवळ हावडा ते हुगळी अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. (आपली बोरीबंदर–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची.) १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामाचा कालवा वाहतुकीस खुला झाला. अटलांटिक व पॅसिफिक हे दोन महासागर सुमारे ८० किलोमीटर लांबीच्या जलमार्गाने जोडले गेले. पण पहिले महायुद्ध नुकतेच पेटले असल्याने जगाचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. १५ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांचे पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. १५ ऑगस्ट १९५० रोजी संध्याकाळी आसामच्या ईशान्य सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. डोंगर कोसळले, नद्या अडल्या आणि मग पूर आले. देश स्वातंत्र्याचा तिसरा वाढदिवस साजरा करीत होता. भूकंपाला पंचांग ठाऊक नसते.

योगी अरविंदांचे उदाहरण थोडे निराळे आहे. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा. बडोदे संस्थानात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली, पुढे क्रांतिकार्यात पडले आणि अखेर पाँडेचरीस राहिले. देशाच्या स्वातंत्र्याची तारीख व आपली जन्मतारीख एक यावी, हा त्यांनी केवळ योगायोग मानला नाही. त्यात ईश्वरी संकेत पाहिला व तसे आपल्या संदेशात सांगितले. वर्गात हे आदराने सांगावे. इतिहास तारीख ठरविणाऱ्याचा हेतु शोधतो आणि त्या हेतूत अरविंदांचा जन्म नव्हता. श्रद्धा त्याच तारखेत निराळा अर्थ पाहते. दोन्ही गोष्टी मुलांसमोर वेगळ्या ठेवाव्यात. एकीने दुसरीला खोटे पाडू नये.

शेवटी एक कोडे द्यावे. आफ्रिकेतील फ्रेंच काँगो १५ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाला. हे भारतावरून घेतले, की योगायोगाने आले? फळ्यावर ऑगस्ट १९६० च्या तारखा लिहाव्यात : दाहोमी १, नायजर ३, अप्पर व्होल्टा ५, आयव्हरी कोस्ट ७, चाड ११, मध्य आफ्रिका १३, काँगो १५, गॅबन १७. मुलांना लगेच विषम संख्यांची रांग दिसेल. फ्रान्सने एकेका वसाहतीला एक दिवसाआड मोकळे केले; काँगोचा क्रम आला त्या दिवशी १५ तारीख होती. ही भारतावरून घेतलेली तारीख नव्हे आणि निव्वळ योगायोगही नव्हे. ती रांगेत आलेली आहे. तारीख ठरण्याचा हा तिसरा प्रकार.

८. आपल्या गावापर्यंत केव्हा पोहोचली?

हा भाग पाठाचा गाभा आहे. येथे शिक्षकांनी विशेष काळजी घ्यावी.

"१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपले गाव स्वतंत्र झाले" असे वाक्य ध्वजवंदनाच्या भाषणांतून सर्रास ऐकू येते. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांच्या बाबतीत ते खरे आहे. सर्व गावांच्या बाबतीत नाही. महाराष्ट्राचा नकाशा घ्यावा. मुंबई इलाख्यातील व मध्य प्रांत-वऱ्हाडातील गावे त्या दिवशी स्वतंत्र भारतात आली. औंध, फलटण, सांगली, भोर यांसारखी संस्थाने भारतात सामील झाली होती, पण तेथील संस्थानी कारभार १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत चालू होता. कोल्हापूर तर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. मराठवाड्यातील जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. तिरंगा फडकविणे हा तेथे त्या दिवशी उत्सव नव्हता, गुन्हा होता. मराठवाडा मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी, तेरा महिन्यांनी. गोवा मोकळे झाले १९ डिसेंबर १९६१ रोजी, चौदा वर्षांनी. एकच तारीख, पण परभणीच्या खेड्यात ती एक, सातारच्या खेड्यात दुसरी आणि पेडण्याच्या खेड्यात तिसरीच होती.

सीमेवरील गावांची गोष्ट आणखी कठीण. पंजाब व बंगाल यांच्या वाटणीची रेषा १७ ऑगस्टला जाहीर झाली. म्हणजे १५ ऑगस्टला त्या भागातील कित्येक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हेच ठाऊक नव्हते. लाखो माणसे घरे सोडून निघाली, लाखो मारली गेली. गांधीजी त्या दिवशी दिल्लीच्या समारंभात नव्हते. ते कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागात हिंदु-मुसलमानांत शांतता राहावी म्हणून राहिले होते आणि तो दिवस त्यांनी उपवास व सूतकताई यांत घालविला. हे मुलांना सांगावे की नाही, अशी शंका काही शिक्षकांना येईल. पाचवीच्या मुलांना थोडक्यात व सातवीच्या मुलांना सविस्तर, पण सांगावे. आनंदाच्या दिवशीचे दुःख लपविले तर मूल मोठेपणी ते दुसऱ्या कोणाकडून द्वेषाच्या भाषेत ऐकते. ते प्रथम गुरुजींच्या तोंडून समजुतीच्या भाषेत ऐकलेले बरे.

स्वाध्याय म्हणून मुलांनी गावातील वृद्धांस भेटावे. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीच्या घरात आहेत. हा साक्षीदार वर्ग झपाट्याने कमी होत आहे. पुढील तुकडीला तो भेटेल याचा भरवसा नाही. "त्या दिवशी गावात काय झाले? बातमी कशी कळली? झेंडा कोठे लावला? कोणाचे राज्य होते?" एवढे चारच प्रश्न पुरेत. एखादे आजोबा "मला काही कळले नाही, मी गुरे राखायला गेलो होतो" असे म्हणतील. तेही लिहून घ्यावे. तोही इतिहासच आहे.

९. शिक्षकांसाठी सावधगिरीच्या तीन गोष्टी

पहिली : घटना व तिचा उत्सव यांच्या तारखा एकच असतील असे धरू नये. लाल किल्ल्यावर पंडित नेहरूंनी प्रथम ध्वज फडकविला तो १६ ऑगस्ट १९४७ रोजी. पाकिस्तान स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्टला पाळतो. परंतु ब्रिटिश कायद्याने दोन्ही राष्ट्रांसाठी १५ ऑगस्ट हीच तारीख दिली होती आणि जुलै १९४८ मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही १५ ऑगस्टच छापलेली आहे.

दुसरी : पंचांगे अनेक आहेत. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीला झाला. त्याची ६ जून १६७४ ही तारीख त्या काळच्या इंग्रजांच्या जुन्या कालगणनेची आहे. इंग्रजांनी १७५२ मध्ये कालगणना बदलली तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर आला. अकरा दिवस गाळले गेले. रशियातील ऑक्टोबर क्रांतीचा दिवस आपल्या कालगणनेने ७ नोव्हेंबर १९१७ रोजी येतो, याचेही कारण हेच. म्हणून तिथी आणि तारीख यांवरून मुलांत वाद झाला तर तो दाबू नये. पंचांग हाती देऊन सोडवू द्यावा.

तिसरी : भ्रमणध्वनीवर येणाऱ्या दिनविशेषाच्या याद्या तपासल्याशिवाय फलकावर लिहू नयेत. पाठ्यपुस्तक, मराठी विश्वकोश, शासकीय राजपत्र किंवा गॅझेटियर यांपैकी एकात तरी ती नोंद सापडली पाहिजे. सापडली नाही तर त्या दिवशी एक ओळ कमी लिहावी. फलक अपुरा राहिल्याने मुलांचे नुकसान होत नाही. चुकीचा भरल्याने होते.

१०. मूल्यमापन व पुढील उपक्रम

पाठाच्या शेवटी पुढील प्रश्न लेखी द्यावेत :

(अ) पुढील घटनांचे "निवडलेली तारीख", "योगायोग" व "रांगेत आलेली तारीख" असे वर्गीकरण करा : पनामाचा कालवा, पिन कोड, काँगोचे स्वातंत्र्य, गोव्याचा सत्याग्रह, आसामचा भूकंप, कोरियाचे प्रजासत्ताक.
(आ) भारत व कोरिया यांचा स्वातंत्र्यदिन एकच का, हे पाच ओळींत लिहा.
(इ) १५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या गावावर कोणाचा अंमल होता? हे तुम्हांस कोणी सांगितले?
(ई) आपल्या शाळेच्या स्थापनेची तारीख शोधा. ती कोणी निवडली असावी?

गुण देताना उत्तराबरोबर "कोणी सांगितले" हेही पाहावे. ज्याने उत्तर चुकविले पण साक्षीदार खरा शोधला, त्याला निम्म्याहून अधिक गुण द्यावेत.

हा पाठ जमल्यावर मुलांनीच दुसरी एखादी तारीख निवडावी. १ मे घेता येईल : शिकागोच्या कामगारांचा आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ मध्ये सुरू झालेला संप, १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात या राज्यांची स्थापना, १९६२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदांचा आरंभ आणि जालना, सिंधुदुर्ग (१९८१), हिंगोली व गोंदिया (१९९९) या जिल्ह्यांची निर्मिती, या सर्वांची तारीख तीच. त्यांत निवड कोणती व योगायोग कोणता हे मुलांनी शोधावे. शिक्षकांनी केवळ गॅझेटियर उघडून द्यावे.

परिपाठातील दोन मिनिटांचा दिनविशेष चालूच ठेवावा. फक्त यापुढे आठवड्यातून एकदा तरी, वाचणाऱ्या मुलाने घटनेखाली एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहावी : "ही तारीख कोणी ठरविली?" ध्वजस्तंभापाशी उभे राहून आपण जे बोलतो ते गावातील प्रत्येक मूल खरे मानते. म्हणून तेथे बोललेले प्रत्येक साल व प्रत्येक तारीख तपासलेली असणे, ही आपली जबाबदारी होय.

— शिक्षण विस्तार अधिकारी